दोरी अडकते त्यांची

४ फेब्रुवारी

प्रिय पाना,

कशी आहेस? मी मजेत, बाबा मजेत, आईचा गुडघा त्याच्या मर्जीप्रमाणे. तुझ्या वॉर्डनबाईंना माझा नमस्कार सांग. सांगायची गरज नाही म्हणा, हे पत्र त्या तुझ्याआधी वाचणारच आहेत. नमस्कार बाई! यात काळजीचं काही नाही, नुसती यंत्रं आहेत.

रविवारी फोनवर धड बोलणं झालंच नाही. तिकडे तुझ्यामागे मुलींची रांग खाकरत होती आणि इकडे बाबांनी स्पीकर लावून अख्खं घर फोनभोवती गोळा केलं होतं. त्यात मी नुसतं हो, हो करत राहिले. तुझा आवाज बसल्यासारखा वाटला. सर्दी झाली होती का?

आता बातम्या. यंत्रांच्या स्पर्धेचा करंडक एक रात्र आमच्याकडे मुक्कामाला होता. बाबांनी तो फ्रिजवर ठेवला आणि मग जो दारात येईल त्याला पाणी प्यायला आत बोलावायला लागले. गॅसवाला पाणी पिऊन गेला, शेजारच्या काकू दोनदा पिऊन गेल्या. सकाळी सरांनी तो शाळेत नेला. आता ऑफिसबाहेरच्या काचेच्या कपाटात आहे, कॅरमची ढाल आणि 'स्वच्छ वर्ग' यांच्या मधोमध. येताजाता दिसतो. मी हल्ली मागच्या जिन्याने जाते, तो माझ्या वर्गाला जवळ पडतो.

मावशीने आईला फोनवर विचारलं म्हणे, "वसतिगृहाच्या मुलींचं यंत्र एवढं छान चालत होतं, तर त्यांना दुपारीच घरी का पाठवलं?" आईला काही सांगता येईना. तिला अजून वाटतं की आम्ही रिमोटच्या गाड्यांची शर्यत लावतो. म्हणून पुढचा भाग मावशीसाठी. ती भेटायला आली की तिला वाचून दाखव.

मावशी, सकाळी सगळ्या शाळांचे साखळी सामने असतात. यंत्राने जमिनीवरची खोकी उचलायची आणि फळ्यांवर ठेवायची. जितकी वरची फळी, तितके जास्त गुण. त्यासाठी प्रत्येकाच्या यंत्राला वर-खाली होणारी लिफ्ट असते. सामन्यात दोन शाळा एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, आणि सकाळी या जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात. दुपारी गुणांप्रमाणे पहिल्या आठ शाळांचे कॅप्टन पुढे बोलावतात. मग पहिल्यापासून एकेकाने माइकवर, सगळ्यांसमोर, उरलेल्या शाळांतून आपला जोडीदार निवडायचा. पुढचे सामने त्या जोड्यांचे. ज्यांचं नाव कुणीच घेत नाही, ते आपलं सामान आवरतात. म्हणजे त्यांना घरी कुणी पाठवलं नाही, त्यांना कुणी बोलावलं नाही, एवढंच. हे वाक्य मी खोडणार होते, पण पानावर घाण दिसेल, म्हणून राहू दे.

आमची शाळा तिसरी आली होती. पहिले ते दरवर्षीचेच. दुसरा तो चष्मेवाला आणि त्याची पलटण, ज्यांना आम्ही शेवटी हरवलं.

आणि मुख्य म्हणजे मोटर! उपांत्य सामन्यात आमच्या यंत्राच्या हाताची मोटर जळली तेव्हा सगळा खेळ आटोपला असंच मला वाटलं होतं. सर तर खुर्च्या मोजत बसले. तेवढ्यात तू तुमच्या यंत्रातली मोटर काढून घेऊन आलीस. मागितली नव्हती कुणी. "निदान आमची मोटर तरी फायनलला जाऊ दे," म्हणालीस आणि आमच्या टेबलाखाली बसकण मारून स्वतःच बसवलीस. आमच्या टीमचा गणित्या अजून सांगत फिरतो की एवढ्या झटपट मोटर बसवणारी मुलगी त्याने पाहिली नाही. आणि गणित्या कुणाचं कौतुक करत नाही, त्याच्याकडे फक्त आकडे असतात. मोटर सरांकडे आहे, सोमवारी कुरिअर करतील.

निवडीबद्दल नंतर कधीतरी बोलू. तू मनाला लावून घेतलं नाहीस ना? नसशीलच. लावून घेतलं असतंस तर मोटर दिली नसतीस.

अभ्यास कर, जेव, सर्दीकडे बघ.

तुझी
पक्कड


१७ फेब्रुवारी

प्रिय पाना,

पत्र मिळालं. मोटर पोचली हे बरं झालं. आईचा गुडघा आता आईचं ऐकतो. इथलं सगळं ठीक.

तुझं पत्र मात्र ठीक नाही. मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तुझे कान उपटावेसे वाटले. पुढच्या वर्षी तंत्रशाखा घेणार नाहीस? वाणिज्य घेणार? तू? लहानपणी मामाचं नवंकोरं घड्याळ ज्या मुलीने उघडून बघितलं, जिच्यामुळे आपल्याला पाना आणि पक्कड ही नावं पडली, ती मुलगी वहीत उभ्या रेघा मारणार? वाणिज्य वाईट नाही, बाबा तेच शिकलेत. पण बाबांना साधं दिव्याचं बटण बदलता येत नाही आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. तुला वाटेल. तू वेडी होशील.

तू लिहितेस, "एवढ्या शाळा होत्या. सकाळभर सगळ्यांनी आमचं यंत्र बघितलं, आणि एकालाही ते घ्यावंसं वाटलं नाही. याचा अर्थ सरळ आहे." अजिबात सरळ नाही. निवडीत काय काय चालतं ते तुला माहीत नाही. तुमच्या शाळेचं हे पहिलंच वर्ष. नव्या टीमला कुणी पटकन हात लावत नाही. शिवाय त्या एका सामन्यात तुमचं यंत्र जागचं हललंच नाही. बॅटरीची वायर निसटली होती हे तुला-मला माहीत, पण लांबून बघणाऱ्याला काय दिसतं? बंद पडलेलं यंत्र.

चष्मेवाल्याचं बोलणं तू एवढं का धरून बसलीस कळत नाही. जाताना तो म्हणाला, "छान होतं तुमचं यंत्र, दोरीचं तेवढं बघा पुढच्या वेळी." त्यावर तू विचारतेस की त्याला दोरीचं कुठून कळलं, दोरी तर दिवसभर एकदाही अडकली नाही. अगं, बोलतात लोक काहीतरी. हरलेला माणूस होता. त्याला कुठेतरी शहाणपण दाखवायचं होतं. सोड ना.

पण तू सोडत नाहीस. तू लिहितेस, "त्याला लांबून दोष दिसला म्हणजे तो असणारच, आणि मला तो दिसला नाही म्हणजे मला यंत्रातलं कळत नाही. चकत्या लावून मी उगाच खूश झाले होते."

असं लिहू नकोस. सुट्टीत तू आमच्याकडे आली होतीस तेव्हा आपण बाल्कनीत बसून त्या दोरीशी किती झटलो. लिफ्ट खाली आली की दोरी सैल पडायची, रिळावरून सरकायची आणि बाजूच्या दांड्यात जाऊन गुंतायची. मी म्हटलं, दोरी बदल. आमच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, मोटर हळू चालव. आणि तू वसतिगृहात परत जाऊन डब्याच्या झाकणाच्या दोन गोल चकत्या कापल्यास, रिळाच्या दोन्ही बाजूंना लावल्यास आणि रविवारच्या फोनवर ओरडलीस, "आता कितीही जोरात खाली आण, दोरी रिळावरच!" मागे वॉर्डनबाई "हळू, हळू" करत होत्या. तू उगाच खूश झाली नव्हतीस.

बरं, ऐक. एक गोष्ट मी तुला सांगायला हवी होती. तू विचारली नाहीस, म्हणून मीही गप्प बसले. आपलं ठरलं होतं, की दोघींपैकी जी वर येईल तिने दुसरीला घ्यायचं. माझा नंबर आला, माइक माझ्या हातात होता, आणि मी दुसऱ्या शाळेचं नाव घेतलं. गणित्याचे आकडे तसे होते. तो सकाळभर प्रत्येक शाळेची खोकी मोजत होता, आणि त्या बंद पडलेल्या सामन्यामुळे तुमचा आकडा खाली गेला. सर म्हणाले, कॅप्टनने ठरवावं. मी आकड्यांचं ऐकलं. एवढंच झालं. यात तुझ्या यंत्राचा दोष नाही. माझा आहे. मला वाईट वाटतं, खूप वाटतं, आणि हे तोंडावर सांगायला हवं होतं.

यंत्रासाठी दिलेली इस्त्रीची खोली परत घेतली हे वाचून कसंतरी झालं. मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या ना, दुपारच्या फेरीत गेलात तर खोली तुमची? आता त्या खोलीत परत नुसती इस्त्री होणार. तुमच्या धाकट्या पोरी काय म्हणतात?

शाखेचा विचार बदल. वर्गबाईंना इतक्यात काही सांगू नकोस.

तुझी
पक्कड


६ मार्च

प्रिय पाना,

या वेळी ख्यालीखुशाली नाही. बाई हे पत्र वाचतील, तर वाचू देत.

तुझं उत्तर शनिवारी आलं. तू रागावशील असं मला वाटलं होतं. रागावली असतीस तर बरं झालं असतं. तू लिहिलंस, "तुझ्या जागी मी असते तर हेच केलं असतं. उलट बरंच झालं. परक्या कुणी नाही म्हटलं असतं तर मनात शंका राहिली असती. पण तू माझी दोरी जवळून पाहिली आहेस, आणि तूही मला घेतलं नाहीस. प्रश्न मिटला. वर्गबाईंना वाणिज्य सांगून आले."

मागच्या पत्रात मी अर्धंच सांगितलं, आणि त्या अर्ध्याने तुझं हे केलं. आता उरलेलं सांगते. तुझ्याजवळ बसून हे सांगायची माझ्यात हिंमत नाही, म्हणून बरं आहे की तुमच्याकडे रविवारखेरीज फोन नाही.

निवडीच्या आधी थोडा वेळ सुट्टी होती. सगळे कॅप्टन टेबलाटेबलावर फिरत होते, कोण कसं आहे याची चौकशी करत. मी सँडविच खात उभी होते. मागे गणित्या आणि सर होते. त्याआधी जरा वेळ तूच हसत येऊन सांगून गेली होतीस, की बॅटरीची वायर निसटली होती, आता पट्टी मारून घट्ट केली आहे. तेवढ्यात चष्मेवाला आला. म्हणाला, "ती वसतिगृहाची टीम, तुझी बहीण ना तिकडे? एका सामन्यात त्या उभ्याच राहिल्या. लिफ्टचं काही आहे का?"

मी म्हटलं, "टीम चांगली आहे. पण दोरी अडकते त्यांची."

वर तोंड पाडलं. जणू बहिणीबद्दल असं बोलताना जिवावर येतंय.

पाना, ते सगळं खोटं नव्हतं. तू सुट्टीला आमच्याकडे होतीस तेव्हा ते खरं होतं. मी शिळी गोष्ट ताजी म्हणून वाढली. चकत्या लावल्याचं मला माहीत होतं, सकाळपासून तुझी लिफ्ट सपासप वर-खाली होताना मी बघत होते, आणि तरी मी हे म्हटलं. का ते सांगते, आणि तुझा विश्वास बसला नाही तर त्याबद्दल मी काही बोलणार नाही. तो दुसरा होता आणि मी तिसरी. त्याला तू हवी होतीस, हे त्याच्या विचारण्यावरून दिसत होतं. त्याने तुला घेतलं असतं तर माझ्या हाती काही उरलं नसतं. म्हणून मी तुझा भाव पाडला. तू माझ्यासाठी शिल्लक राहावीस म्हणून. मला त्या क्षणी स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. उरलेलं सँडविच मी चवीने खाल्लं.

आणि डाव बरोबर बसला. पहिल्यांनी त्यांचे नेहमीचे घेतले. चष्मेवाल्याने माइक हातात घेतला, जरा थांबला आणि भलत्याच शाळेचं नाव घेतलं. मी मनातल्या मनात उडी मारली. माइक माझ्याकडे आला. गणित्या माझ्या शेजारी उभा होता. तो कानात म्हणाला, "त्यांचं नाव मी काढून टाकलंय. सरांनीच सांगितलं. दोरी अडकते म्हणालीस ना तू."

मागच्या पत्रात मी आकड्यांवर ढकललं, ते साफ खोटं. गणित्याच्या आकड्यांत तुम्ही वरच होतात. त्या बिचाऱ्याने माझ्या शब्दावर भरवसा ठेवला. त्याची काही चूक नाही.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. "मी थाप मारली होती." बस्स. पण सर पहिल्याच रांगेत बसले होते, चष्मेवाला हातभर अंतरावर होता, आणि माइकवाला "चला, चला" करत होता. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं आणि तिथेच बसलं. गणित्याने ज्या नावावर बोट ठेवलं होतं ते मी वाचलं.

तू उभी राहिली होतीस. आमच्या शाळेचं नाव पुकारल्याबरोबर मागच्या रांगेत तू उठलीस, खांद्याला बॅग लावलीस, ओढणी सारखी केलीस. आपलं ठरलंच होतं, म्हणून. मग मी दुसरं नाव घेतलं. तू क्षणभर तशीच उभी होतीस. नंतर बसलीस. बसल्यावर तू टाळ्या वाजवल्यास, पाना. मी बघितलं. मला वाटलं होतं गर्दीत मला ते दिसणार नाही.

त्यानंतर पाच कॅप्टन उरले होते. त्यांतले दोघे आमच्या टेबलाजवळच घुटमळत होते तेव्हा, आणि अशी गोष्ट सभागृहात पसरायला कितीसा वेळ लागतो? सख्खी मावसबहीण म्हणते म्हटल्यावर कोण कशाला तपासत बसेल? शिवाय मी स्वतःही तुला घेतलं नाही. त्यांची खात्रीच झाली. तुला कुणीच का बोलावलं नाही, त्याचं उत्तर हे आहे. तुझी धाकटी ड्रायव्हर नीट चालवत होती. तुझं यंत्र नीट होतं. मी मधे उभी होते.

मोटर घेऊन तू आलीस तेव्हा मी तुझे नीट आभारही मानले नाहीत, आठवतं? तुला वाटलं असेल मी सामन्याच्या ताणात आहे. तू टेबलाखाली बसून स्क्रू आवळत होतीस आणि मी तुझ्या डोक्यावरून चष्मेवाला कुठे आहे ते बघत होते. तो तुझ्याशी बोलू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. फायनल आम्ही तुझ्या मोटरवर जिंकलो. सगळे मला मिठ्या मारत होते, आणि मला फक्त तुमची बस लवकर सुटावी असं वाटत होतं. आणि नेमका जाता जाता तो बोललाच.

सोमवारी मी सरांना सगळं सांगितलं. गणित्यालाही. म्हटलं, करंडक परत करू या. सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "परत कुणाला करणार? नियम मोडलेला नाही. दुसऱ्या टीमबद्दल काय बोलावं याचा नियमच नाही." मी म्हटलं, मग मला कॅप्टनपदावरून काढा. ते म्हणाले, "काढतो. पण त्याने तिचं काय होणार आहे? तिला सांगितलंस का?" गणित्याने आकड्यांची फाइल उचलली आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. आता तोच कॅप्टन आहे. माझ्याशी कामापुरतं बोलतो.

शिक्षा मागून पाहिली, ती कुणाकडे शिल्लक नाही. त्या दुपारी एक वाक्य पुरलं असतं. आता तीन पानं झाली तरी ती दुपार परत येत नाही. तुझ्या धाकट्या मुलींना दुसऱ्यांदा पहिलं वर्ष मिळणार नाही. खोली गेली ती गेली. मी तुमच्या मुख्याध्यापिकांनाही वेगळं पत्र लिहिलं आहे, यातलंच सगळं, काही न वगळता. त्या खोली परत देतील असं मला वाटत नाही. त्यांनी दुपारची फेरी म्हटलं होतं, आणि दुपारची फेरी झाली नाही.

काल मी चष्मेवाल्याला फोन केला. सरांकडून नंबर घेतला. त्यालाही सांगितलं, की दोरी अडकत नव्हती, मला माहीत होतं. मग त्याने जे सांगितलं ते तुला शब्दाला शब्द सांगते, कारण या पत्रातलं तुझ्या उपयोगाचं तेवढंच आहे.

तो म्हणाला, "आमचं पहिलं नाव त्यांचंच होतं. सकाळी आमच्या दोन पोरांनी त्यांच्या टेबलाशी वाकून ते रीळ बघितलं. दोन्ही बाजूंना त्या चकत्या बघून आम्ही डोक्याला हात लावला, इतकं सोपं आणि आम्हाला वर्षभर सुचलं नाही. मग तू म्हणालीस तरीही अडकते. मला वाटलं, बहीण आहे, आतलं माहीत असेल. तरी स्पर्धा संपल्यावर घरी येऊन आम्ही तशाच चकत्या कापून लावून बघितल्या." मी विचारलं, "मग?" तो म्हणाला, "मग काय? चालते. तेव्हापासून एकदाही अडकली नाही. आम्ही तर चक्रावलो होतो, की आमची चालते तर त्यांची का अडकते." पुढे त्याने विचारलं, "तू असं का केलंस?" मी सांगायला लागले, पण तोवर त्याने फोन ठेवला होता.

कळलं का तुला? त्या सभागृहात ज्याला यंत्रातलं कळतं त्याने तुझं यंत्र बघितलं, आणि त्याला ते हवं होतं. इतकं हवं होतं की त्याने तुझी युक्ती उचलून स्वतःच्या यंत्राला लावली. तू जे मानून बसली आहेस, की कुणाला काही दिसलं नाही, मीही दोरी पाहिली आणि नाही म्हटलं, ते सगळं माझ्या एका वाक्यावर उभं आहे. ते वाक्य काढून टाक. मग बघ काय उरतं. दिवसभर न अडकलेली लिफ्ट उरते.

आमच्या ऑफिसात विचारलं. परीक्षेआधी लेखी अर्ज दिला तर शाखा बदलता येते. तुमच्याकडेही तसंच असणार, वर्गबाईंना विचार. माझ्यावरच्या रागाने तरी विचार. मला माफ करायचं की नाही ते नंतर कधीही ठरव, किंवा ठरवूच नकोस, त्याला मुदत नाही. अर्जाला आहे.

म्हणून या पत्राचं उत्तर लिहायला बसलीस तर तो कागद माझ्यावर घालवू नकोस. त्यावर अर्ज लिही. इथे पोस्टमन रिकाम्या हाताने आला तर मी समजेन की तू कामात आहेस.

तुमची दोरी अडकत नाही हे त्या सभागृहात तुझ्या खालोखाल जिला पक्कं ठाऊक होतं, ती

पक्कड